धूर पाहून निवडलेला रंगारी

आमच्या जळगावच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या चटया होतात आणि त्यांच्या कडेला शिवायची रंगीत कापडी पट्टी धुळ्याहून येते. तो रंगारी मी निवडला तेव्हा तिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. एस.टी.नं धुळ्याला जाऊन चार रंगारी पाहिले आणि ज्याच्या धुराड्यातून सगळ्यांत काळा धूर निघत होता, त्याला काम देऊन आले. धूर जास्त म्हणजे काम जास्त, म्हणजे माणूस भरवशाचा. ही अक्कल मी त्याच्या तोंडावर ऐकवली आणि घरी येऊन आठ दिवस मिरवली. आता आठवलं की त्या बाईच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते. तो भरवशाचा निघाला, हे तिचं नशीब.

आता खरेदी नात बघते. परदेशी गिऱ्हाइकानं यंदा विचारलं, तुम्हाला माल देणारे काय जाळतात, त्यातून कार्बन किती निघतो? बाकी माल देणारे त्या अटीत कसेबसे बसले, अडली ती पट्टी. सुरतेचा एक कारखाना गॅसवर आणि सौर विजेवर चालतो, त्याचे कागद तयार. आमच्या रंगाऱ्याचा बॉयलर कोळशावर, आणि गॅसची लाइन त्याच्या गल्लीपर्यंत आलेलीच नाही. परदेशचं काम म्हणजे त्याचं निम्मं काम. नात म्हणाली, फोन करून सांगून टाकू. मी म्हटलं, निवडलं मी, तर तोडायलाही मीच जाते. गुडघे नको म्हणत होते.

येतोय एवढंच कळवलं होतं. धुळ्यात शिरलो तर लांबूनच काळा लोट दिसला. नातीनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. आत गेलो तर एकाही हौदात कापड नव्हतं. नुसता बॉयलर धडधडत होता.

"दिसना का धूर, अक्का?" म्हातारा रंगारी हसत पुढे आला. "तुमनाकरता सकायपासून पेटाडी ठेयेल शे."

काम नसताना नुसता माझ्यासाठी सकाळपासून बॉयलर पेटवून ठेवला होता; चाळीस वर्षांपूर्वीची माझी अक्कल त्यानं जपून ठेवली होती. हसावं की रडावं ते कळेना, आणि दोन्हींचं त्राण नव्हतं. बसले, पाणी प्याले, आणि गॅस, कार्बन, सुरत सगळं सांगितलं.

"भाऊ, परदेशच्या मालाची पट्टी आता तुमच्याकडून नाही."

त्यानं विचारलं, "आणि इथल्या बाजारातली?"

"ती तुमचीच," मी म्हटलं. नातीला न विचारता.

त्यानं मान हलवली आणि आत जाऊन कामगाराला कोळसा टाकणं थांबवायला सांगितलं. चहा आला, तो पिऊन आम्ही निघालो.

परतताना पारोळा आलं. नात हळूच म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी ते सगळ्याच मालाचं विचारतील. तेव्हा काय सांगणार त्यांना?"

मी डोळे मिटून मान टाकली. झोपेचं सोंग मला छान जमतं.