खेकडा येईपर्यंत जागा राखीव

श्री. रघुनाथराव पेडणेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती डोंबिवलीला, आमच्या चाळीच्या ओट्यावर. मी जुन्या टोपलीला कागदाचा लगदा लिंपत बसले होते. कागद भिजवून कुटायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या, म्हणजे टोपलीला किडा लागत नाही. रघुनाथराव तेव्हा समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेले. ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दुधाची पिशवी. ते थांबले, वाकले, लगद्याला बोट लावून पाहिलं आणि मोठ्या अदबीने म्हणाले, "मावशी, याचा डोंगर होईल का?"

मी वर पाहिलं. माणूस शुद्धीत दिसत होता. म्हटलं, होईल की, पण ठेवणार कुठे? तर म्हणाले, बेडरूममध्ये.

तिथून आमचा स्नेह. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात मीही चार शब्द लिहावेत, असं समितीने कळवलं. मला अक्षर येत नाही हे समितीला ठाऊक आहे, तरी कळवलं. म्हणून मी सांगतेय आणि माझी नात सायली लिहितेय. आदराने लिहा अशीही सूचना होती. ती पाळतेय, जमेल तितकी.

रघुनाथरावांचं कार्य म्हणजे छोटी आगगाडी. तिला खेळणं म्हणू नका. ते रागावत नाहीत, पण समोर बसवून समजावून सांगतात, आणि ते रागावण्यापेक्षा लांबतं. खऱ्या गाडीचं सगळं मापात लहान केलेलं, डबे तळहातावर मावतील एवढे, विजेवर चालणारे. त्यांच्यासारख्या छंदवाल्यांचं एक मंडळच आहे, कल्याणपासून ठाण्यापर्यंतची माणसं त्यात आहेत. माझं माहेर कसाऱ्याच्या घाटाखालचं, म्हणून त्यांच्या बेडरूममधला घाट मी केला. लगद्याचा डोंगर, वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं, रुळांखाली खडी म्हणून जाडी रांगोळी. वहिनींनी बेडरूम सोडली आणि त्या हॉलमध्ये झोपायला गेल्या. त्यांचा गौरव अंक कधी निघणार, तेही समितीने सांगावं.

घाट झाला, गाडी आली, पण इंजिन मिळेना. घाट चढताना गाडीला मागूनही एक इंजिन लागतं, ढकलायला. आमच्या लहानपणी ते काम खेकडा करायचा. दोन्हीकडे लांब नाक, मध्ये माणसांची खोली, आणि नुसता उभा असला तरी कण्हायचा. आमच्या घरापर्यंत ते कण्हणं ऐकू यायचं. माझी आई म्हणायची, आला गं बाई, पाठ धरली असेल बिचाऱ्याची. रेल्वेचे लोकही त्याला खेकडाच म्हणत. असलं इंजिन छोट्या रूपात जगातली कुठलीच कंपनी करत नाही. परदेशातल्या इंजिनांची करतात, एकेकाची दहा रूपं करतात. आमच्या खेकड्याला गिऱ्हाईक नाही म्हणतात. रघुनाथराव वर्षानुवर्षं त्यांना पत्रं लिहीत आले, सोबत आपल्या हाताने काढलेले नकाशे. आणि खेकडा मिळेपर्यंत घाटात मागे दुसरं इंजिन लावायचं नाही हा त्यांचा नेम. ठाण्यात प्रदर्शन भरलं की घाट सुटा करून तिकडे नेतात, तरी गाडीच्या मागे जागा मोकळी, आणि तिथे हे पँट-शर्टातले गृहस्थ गाडी बोटाने ढकलत घाट चढवतात. लोक हसतात. ते हसणाऱ्यांनाही समजावून सांगतात.

त्यांच्या मायेची एक गोष्ट सांगायची राहील, ती आधी सांगते. आमचे हे आजारी पडले, अंथरुणाला खिळले आणि हट्टाला पेटले. माझ्या हातून गोळी घेईनात. रघुनाथराव एका दुपारी रूळ घेऊन आले आणि खाटेच्या पायांभोवती त्यांनी गाडी मांडली. मालडब्यात गोळी ठेवायची, गाडी खाटेखालून फिरून उशाशी येऊन थांबायची. यांनी मुकाट्याने गोळी उचलली. वर मला म्हणतात, वेळेवर येते, तुझ्यासारखी नाही. हे जाईपर्यंत ती गाडी आमच्याकडेच होती. रघुनाथरावांनी परत मागितली नाही, मीच नेऊन दिली.

आता मुद्द्यावर येते. गेल्या काही वर्षांत रघुनाथरावांचे हात कापू लागले आहेत. पेन्सिल धरवत नाही, बारीक स्क्रू तर नाहीच. खेकडा स्वतः घडवण्याची आशा संपली. अशात एका परदेशी कंपनीचा इथला माणूस रविवारी त्यांच्या घरी आला, मंडळाची सगळी मंडळी जमली. त्याने खोक्यातून इंजिन काढलं. लांब नाकं, मध्ये खोली, आपल्याकडचा रंग, आपल्याकडची अक्षरं. मंडळी खूश. टिटवाळ्याच्या श्री. सबनीसांनी तर टाळ्या वाजवल्या. रघुनाथरावांनी ते दोन्ही हातांत धरलं, कापऱ्या हातांनी फिरवून पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांचा चेहरा उतरला. इंजिन परदेशातलंच होतं, वरून आपला रंग दिलेला. त्याच्या नाकाखाली जास्तीची बारकी चाकं होती. खेकड्याला ती नव्हती. नाकाचा उतारही वेगळा.

तरी त्यांनी ते घाटावर लावलं. त्याने गाडी झोकात वर नेली. मी डोंगर केल्यापासून पहिल्यांदा गाडी बोटाशिवाय माथ्यावर गेली, खोटं का बोलू, मला बरं वाटलं. रघुनाथरावांनी ते शेवटपर्यंत जाऊ दिलं. मग उचललं, रुमालाने पुसलं, खोक्यात ठेवलं.

"इंजिन सुंदर आहे," ते म्हणाले, "पण हे आपल्या घाटात कधी आलं नव्हतं."

तो माणूस म्हणाला, साहेब, एवढं बारीक कोण बघतं? हे घेत नसाल तर आमच्याकडे हा विषय बंद.

"तुमच्याकडे बंद करा. आमच्याकडे चालू आहे."

सबनीस चिडले. त्यांचंही चुकलं नाही, तेही आयुष्यभर वाट पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, हात बघा स्वतःचे. हे नाकारलंत तर तुमच्या हयातीत दुसरं येणार नाही."

रघुनाथराव म्हणाले, "नाही आलं तर नाही आलं. पण पुढे कोणी पोर हा घाट बघायला आलं, तर त्याला मी खोटं दाखवणार नाही."

एवढंच. आवाज चढला नाही. परदेशी इंजिनांचं त्यांना वावडं नाही, त्यांच्याकडे कपाटभर आहेत आणि तीही ते लाडाने पुसतात. प्रत्येकाला आपापल्या घाटात मान आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. दुसऱ्याला आपला सदरा घालून आपला भाऊ म्हणून उभा करायचा नाही.

आता ऐका. सबनीस या गौरव समितीवर आहेत. ते इंजिन त्यांनी विकत घेतलंय, आणि सत्काराच्या दिवशी शालीबरोबर व्यासपीठावर तेच रघुनाथरावांच्या हातात द्यायचा बेत आहे. चारचौघांत माणूस नाही म्हणणार नाही, असा हिशेब. सबनीस, तुमच्या मनात माया आहे, मला दिसते. पण हा लेख तुम्हीच छापायला नेणार आहात, म्हणून इथेच सांगते. शाल द्या, नारळ द्या, ते इंजिन देऊ नका. रघुनाथराव भिडस्त आहेत, कदाचित घेतीलही. मी भिडस्त नाही. डोंगर माझा आहे आणि त्यावर ते चढणार नाही. देणारच असाल तर सगळ्या मंडळाने कंपनीला पत्र लिहा. मजकूर रघुनाथराव सांगतील, हात तुमचे वापरा. हा परिच्छेद गाळलात तर मी सभेत उठून तोंडी सांगेन, आणि मला माईक लागत नाही.

शेवटी शुभेच्छा द्यायची रीत आहे. रघुनाथराव, तुम्हाला सुखाची, समाधानाची, निवांत म्हातारपणाची शुभेच्छा मी देत नाही. ती बाकीचे देतील. तुम्ही असेच अडून राहा. कंपनीतला साहेब निवृत्त होईल, त्याच्या जागी दुसरा येईल, त्यालाही पत्र जाईल. वहिनींना हॉलमध्ये झोप लागते आता, त्यांची काळजी नको. तब्येत सांभाळा, गोड कमी खा, रोज चाला. मी तुमच्यापेक्षा मोठी, म्हणून हा आशीर्वाद नाही, फर्मान समजा: खरा खेकडा घाट चढेपर्यंत तुम्ही कुठेही जायचं नाही. आणि तो चढताना बघायला मीही बसलेली असणार, तेव्हा तुम्हाला एकट्याला थांबावं लागणार नाही.