पियानोशेजारची खुर्ची

आमच्या बारामतीच्या हॉलमध्ये पियानो आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग बघायला येतात. एका डॉक्टरांच्या घरातला तो. मुलगा परदेशी गेला, डॉक्टर पुण्याला गेले आणि जाताना पियानो हॉलला देऊन गेले. मी तिथं भजनाला पेटी वाजवायची, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. पेटी येते तर हेही येईल, असा हिशोब. तसं काही नसतं हो. पण बसले. पुस्तक आणलं, त्यात सूर लिहिलेली काळी टिकली कुठली आणि पांढरी कुठली हे मांडीवर बोटं ठेवून शिकले. सूनबाई म्हणायची, "आई, या वयात अभ्यासाला बसलाय, परीक्षा कधी आहे?" परीक्षा नव्हती, पण त्यातून मुलांची स्पर्धा निघाली. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी असते. सांगवीहून, इंदापूरहून, निमगाव केतकीहून मुलं येतात. घरी सगळ्यांकडं की-बोर्ड, हलका, विजेवरचा. खऱ्या पियानोला हात लागतो तो त्या दिवशीच.

पहिल्या वर्षी काय झालं, आईबाप मागं फोन धरून बसले आणि मुलं पुढं त्या धुडाशेजारी एकटी. लहान लहान पोरं, सारखी मागं वळून घरचं माणूस शोधत होती. म्हणून मी नियम केला, की पियानोशेजारी एक खुर्ची राहील आणि तिच्यावर घरचं माणूस बसेल. काम एकच, सूर लिहिलेल्या कागदाचं पान उलटायचं. दोन पानं समोर मावतात, तिसरं यायच्या वेळी मुलाचे दोन्ही हात अडकलेले असतात. आता यातल्या एकालाही ते लिहिलेलं वाचता येत नाही. ऊसवाले, भाजीवाले, पेरूवाले लोक. पण प्रत्येकानं आपापली युक्ती काढली. एक आजी नातवानं श्वास सोडला की उलटायची. एक आई पोरगी "हं" म्हणाली की उलटायची. सांगवीच्या एका आबांनी बोटाला थुंकी लावून एकदम दोन पानं उलटली, तर नातू भर हॉलमध्ये म्हणाला, "आबा, मागं घ्या, पुढं गेलासा." लोक हसले, आबाही हसले, आणि पोराची भीती तिथंच गेली. पुण्याहून परीक्षक म्हणून बाई येतात, त्या म्हणतात असं कुठं बघितलं नाही. मी म्हणते, बघा की मग.

आता त्या मुलीचं सांगते. निमगाव केतकीची. पहिल्यांदा आली तेव्हा पियानोपुढं बसल्यावर पाय जमिनीला लागत नव्हते. वडील पेरूची बाग बघतात, आई बागेतच राबायची आणि मुलीला की-बोर्डच्या क्लासला इंदापूरला घेऊन जायची. पान उलटायला कायम आईच. आणि इतकं नेमकं उलटायची की बाईंनी एकदा मला विचारलं, यांना नोटेशन येतं का? मी जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं. म्हटलं, "खरं सांग गं, कळतं का तुला काही?"

ती पदराआड हसली. "कशाचं आक्का. पान सराय आलं का नाय, तिच्या डाव्या पायाचा आंगठा वर हुतो. मी आंगठा बघती आन पान उलटती. तिला ठावं न्हाय. सांगू नगासा, न्हायतर करायची बंद हुईल."

मी नाही सांगितलं. पुढच्या वर्षी लक्ष देऊन बघितलं तर खरंच, पान संपायच्या जरा आधी तो अंगठा असा अलगद उचलला जायचा, वासराचा कान हलावा तसा.

ती आई पावसाळ्यात गेली. पोटाचं दुखणं होतं, अंगावर काढलं. मी भेटायला गेले तेव्हा मुलगी चुलीपुढं होती आणि भाकरी बिनबोभाट करत होती. मुलीनं रडावं तर बरं वाटतं, ही रडत नव्हती. की-बोर्ड भिंतीला उभा करून ठेवलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पेरूच्या रिकाम्या क्रेटच्या मागं.

दिवाळी झाली, नावं यायला लागली, हिचं येईना. पंधरा वर्षांपर्यंतच आम्ही मुलं घेतो, म्हणजे तिचं हे शेवटचं वर्ष. मला एक भीती होती ती सांगते. ह्या वर्षी वाजवलं नाही तर ही पोरगी पुन्हा वाजवणार नाही. आईबरोबर तेही गेलं असंच होणार. मी एसटीनं गेले.

अंगणात बाप-लेक पेरूंना फोमच्या जाळ्या घालत बसले होते. मी मुद्द्यालाच हात घातला. मुलगी मान खाली घालूनच म्हणाली, "खुर्चीवर कोन बसंल, आजी?"

"मी बसते."

"तुमी सगळ्यांच्याच हायसा."

वडील इतका वेळ जाळ्याच घालत होते. तसा तो माणूसच गप्प. हातातला पेरू क्रेटमध्ये ठेवून म्हणाले, "मी बसतो की."

मुलगी पहिल्यांदा हसली. "बाबा, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"तुज्या आईला तरी काय कळत हुतं?"

जाळ्या घालायचं काम तेवढं चालू राहिलं. थोड्या वेळानं मुलगी उठली, क्रेट बाजूला केले आणि की-बोर्ड उचलून आत नेला.

मी निघाले तेव्हा वडील फाट्यापर्यंत पोचवायला आले. तिथं मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. ते रस्त्याकडं बघत ऐकत राहिले. म्हणाले, "मला कदी बोलली न्हाय ह्ये." मग म्हणाले, "आक्का, ह्ये येक तरी तिच्यावानी जमलं पायजेल." तेवढ्यात बस आली आणि मी चढले.

त्यांनी सराव केला बघा. दिवसभर बाग आणि संध्याकाळी लेकीशेजारी पाटावर बसायचं. मला मधून मधून फोन यायचा. "आक्का, जमतंय. बराबर उचलती. कालच्याला तीनदा उलटलं, येकदा बी चुकलं न्हाय." लेकीला वाटायचं बापाला सुरातलं कळायला लागलं. ती मला फोनवर म्हणाली, "आजी, बाबांना आईपरीस लवकर आलं." तिच्या आवाजात किती महिन्यांनी काही तरी हललं होतं.

स्पर्धेच्या रविवारी थंडी होती. आमच्या हॉलची फरशी जानेवारीत बर्फासारखी, आणि चपला तर दाराबाहेरच काढतात सगळे. वाद्यापुढं पायताण घालून जायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. बाप-लेक वेळेच्या आधी आले. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मुलीच्या पायात नवे पांढरे मोजे, जाड, लोकरीचे. मी सहज म्हटलं, "मोजे छान आहेत गं."

वडील म्हणाले, "येताना ष्टँडपाशी गाडी थांबवून घेतलं. मागल्या साली हिची आई म्हनत हुती, फरशी लई गार आसती, पोरीचं पाय आकडत्यात. औंदा ध्यानात ठिवलं."

मी बरं केलंत म्हणाले आणि पुढच्या पोराची नाव-नोंद बघायला गेले. तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. कुणाच्या येणार.

तिचं नाव पुकारलं. ती बसली, वडील खुर्चीवर बसले, गुडघे जुळवून, एक हात पानाच्या कोपऱ्याजवळ तयार. तिनं सुरू केलं. मी बाजूला उभी होते. पहिलं पान स्वच्छ गेलं. दुसरं लागलं, अर्ध्यावर आलं. वडिलांनी मान खाली घातली, तिच्या पायाकडं बघायला लागले. मीही बघितलं. आणि बघितलं तो पांढरा मोजा. लोकरीचा, जाड, नुसता पांढरा गठ्ठा. आतमध्ये अंगठा उचलला असेल नसेल, देव जाणे. बाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

ते बघतच राहिले. विहिरीत पडलेली वस्तू शोधावी तसे वाकून.

दुसरं पान संपलं. तिचे हात थांबले.

बाईंचं पेन वर झालं. वडिलांची नजर अजून मोज्यावरच. पियानो थांबलाय हेही त्यांच्या ध्यानात आलं नसावं, त्यांना वाटत होतं अजून अंगठा यायचाय. मुलीनं मान वळवून खुर्चीकडं बघितलं. मला वाटतं, तिथं आई नाही हे तिला नीट दिसलं ते तेव्हाच. मग तिनं स्वतःच हात उचलला, पान उलटलं आणि पुढचं वाजवायला लागली. वडिलांचा हात कोपऱ्याजवळ होता तिथंच राहिला, रिकामा, शेवटचा सूर जाईपर्यंत.

पुढची पानं तिनं चांगली वाजवली. बाई नंतर मला म्हणाल्या, मधे थांबली नसती तर पहिली आली असती. मी ते कुणाला सांगितलं नाही.

बाहेर पायरीवर वडील तिच्या चपला सरळ करून ठेवत होते. ती आली तसे म्हणाले, "माज्यानं चुकलं काय गं?"

ती मोजे काढत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाय ओ बाबा. तितं थांबायचंच आसतं. तसं लिवलंय त्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय का, आक्का?"

मी म्हणाले, "व्हय. तिथं थांबायचं असतं."

त्यांचे खांदे जरा खाली आले. "म्या म्हनलं, आंगठा का उचलंना."

"कसला अंगठा?" ती म्हणाली.

"काय न्हाय," ते म्हणाले. दोघं मोटारसायकलवरून गेले. तिनं वाजवलेली झेरॉक्सची पानं पियानोवरच राहिली. मी फोन केला तर म्हणाली, "राहू द्या आजी, कुनाला तरी हुतील." तेव्हाच मी समजले, ही आता वाजवणार नाही.

नंतर निमगावच्या बाजारात माझ्या पुतण्याला तिचे वडील भेटले होते. आपणहून सांगत होते म्हणे, "पोरगी इसरली आसं कुनी म्हनंल. इसरली न्हाय. तितं थांबायचंच आसतंय."

मुलगी आता दहावीला आहे. की-बोर्ड मामाच्या पोराकडं दिला. यंदा स्पर्धेला नव्हतीच ती, वयच बसत नाही. पण सकाळी सकाळी वडील एकटेच आले, मुलांना वाटायला पेरूचा क्रेट घेऊन. मी म्हटलं, बसा, ऐकून जा. मागच्या रांगेत बसले.

सांगवीचा एक मुलगा वाजवायला बसला. मी त्याला तीच पानं दिली होती, तिची. शेजारी त्याची आजी. त्यानं सुरू केलं तसे वडील खुर्चीत पुढं सरकले. ओळखलं त्यांनी. घरात महिनाभर रोज ऐकलेलं, कसं नाही ओळखणार. दुसरं पान संपत आलं. मी पोराकडं बघितलंच नाही, ह्यांच्याकडं बघत होते. आजीनं पान उलटलं आणि सूर कुठं तुटला नाही, सरळ पुढं गेला, पाटाचं पाणी जावं तसा.

ते पुढं सरकलेले तसेच बसून राहिले. पोराचं वाजवून झालं, टाळ्या झाल्या, त्यांनीही वाजवल्या, बराच वेळ. मग उठून माझ्याजवळ आले.

"ह्ये पोरगं थांबलं न्हाय तितं," ते म्हणाले.

त्यांनी विचारल्यासारखं म्हटलं नव्हतं. रिकामा क्रेट उचलला, दाराशी गेले, चपला घालायला जरा वेळ लागला. मी मागं गेले होते. वळून म्हणाले,

"आक्का, पोरीला सांगू नगा. मी आल्तो आन हितं बसलो म्हनून."

मी मान हलवली. आत पुढच्या मुलीचं नाव पुकारलं होतं. तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं, म्हणून मी आत जाऊन खुर्चीवर बसले.