गोळी कोणी शोधली

शेवटच्या दिवशीही माझ्या बायकोनं नेहमीसारखंच केलं. चहा झाल्यावर दोघांच्या गोळ्या डब्यांतून काढल्या, देव्हाऱ्यातल्या कानबाई देवीच्या नारळापुढे ठेवल्या, हात जोडले आणि मला विचारलं, "हाई गोळी कोनी शोधी व्हई हो?" मी म्हणालो, "खा मुकाट." दुपारी कापूस वेचताना तिच्या छातीत कळ आली. शहाद्याला पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तुमच्या एचआयव्हीचा यात काही संबंध नाही.

तो रोग मीच घरात आणला होता. कुठून आणला, हे तिनं एकदाही विचारलं नाही. गोळी कुठून आली, हे मात्र रोज विचारायची. सुरुवातीला मूठभर गोळ्या, त्याही धुळ्याहून आणाव्या लागत. पुढे एकच झाली, तालुक्याला मिळू लागली, तरी तिचं विचारणं सुटलं नाही. ती गेली आणि मी गोळी सोडली. देवीनं पापी ठेवला अन् निष्पाप नेली, मग जगायचं कशाला?

तेराव्यानंतर तिचा उरलेला डबा परत करायला गोळ्या मिळतात त्या सेंटरवर गेलो. नेहमीसारखं उपरण्यानं तोंड झाकून बसलो होतो. उकाड्यानं जीव घाबरला तेव्हा उपरणं काढलं. शेजारी दीड वर्षाची पोरगी घेऊन एक अनोळखी बाई बसली होती. ती टक लावून बघायला लागली. मला रागच आला. तर म्हणते, "बाबा, तुम्ही कितला वरीसपासून गोळी खाई ऱ्हायनात?"

"अठरा."

तिनं पोरगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. पोरीला रोग नाही, असा कागद तिला आत्ताच मिळाला होता. माझे पांढरे केस बघत म्हणाली, "मंग मी बी म्हातारी व्हसू."

माझ्या म्हातारपणाचा कुणाला आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. गोळी सोडल्याचं तिला सांगायची हिंमत झाली नाही.

आत सिस्टरला बायकोचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, एकानं नाही शोधली. कितीतरी देशांतली माणसं राबली, आजाऱ्यांनीच आधी स्वतःवर औषधं घेऊन बघितली, आणि पूर्ण बरं करणारं औषध अजून शोधताहेत. मग गोळीचे खाडे केले म्हणून मला झापलं. मी ऐकून घेतलं. मला वाटलं, काम करून घ्यायला कानबाईला कुणाचेही हात चालत असतील. बाहेरची ती पोरीवाली बाई कोण, कुठली, हे विचारायचं राहूनच गेलं. कोणाला ठेवायचं, कोणाला न्यायचं, हे देवीला विचारणं मात्र मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला, फार गोड झाला. गोळी नारळापुढे ठेवली, हात जोडले, तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत विचारला. आणि मुकाट खाल्ली.