बाबांनी रंगवलेला कीबोर्ड

झाशीतल्या आम्हा मराठी कुटुंबांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी सुविचार, दुपारी भांडणं. त्यात मी बाबांनी रंगवलेलं एक जुनं चित्र टाकलं. कुठून दुर्बुद्धी झाली देव जाणे!

बाबा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिल्लीच्या एका कॉम्प्युटर मासिकाची मुखपृष्ठं ते नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर पोस्टर कलरने रंगवायचे. पहिलं काढलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नव्हता. मासिकवाल्यांनी पत्रात लिहिलं होतं, टीव्हीसारखा पडदा आणि पुढे टाइपरायटरसारख्या कळा. बाबांनी ऑफिसातला टाइपरायटर डोळ्यांपुढे ठेवून गोल गोल कळा काढल्या, आणि डावीकडे कागद सरकवायची दांडीसुद्धा. पडद्यातून हिरवागार सूर्य उगवतोय. ते तस्संच छापून आलं. मूळ चित्र आमच्या बैठकीत टांगलेलं आहे.

तर दोन गल्ल्या सोडून राहणारे एक काका, दर दिवाळीला त्याच चित्राखाली बसून चकल्या हादडणारे, त्यांनी लिहिलं, ‘हे एआयने केलंय. कीबोर्डला दांडी असते का कधी?’

झालं! धडाधड अंगठे. कुणीतरी लिहिलं, ‘ताई जी, बुज़ुर्गों के नाम पर झूठ मत फैलाइए.’ मी पिवळ्या पडलेल्या अंकाचा फोटो टाकला, तर म्हणे तोही एआयच. घरी या, चहा प्या, भिंतीवरचं चित्र बघा, असं लिहिलं. एक मेला फिरकला नाही.

मी काकांना फोन लावला.

“अगं, मला माहितीये ते तुझ्या बाबांचं आहे. गंमत केली जरा.”

“मग लिहा ना तसं ग्रुपवर.”

“आता कुठे माघार घ्यायची? लोक हसतील.”

माझं डोकंच फिरलं. लोक तुम्हाला हसतील म्हणून माझा बाप खोटा? असं तोंडावर बोलले आणि फोन आपटला. मग त्याच तिरमिरीत सगळे मेसेज बाबांना वाचून दाखवले. हे मी करायला नको होतं. शहाऐंशी वर्षांचा माणूस ऐकत होता. शेवटी एवढंच विचारलं, “दांडी नसते का गं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बड़ा बाज़ारातून भाजी घेऊन आले, तर भिंतीवर नुसता खिळा. चित्र जेवणाच्या टेबलावर, शेजारी माझा लॅपटॉप उघडा. बाबा भिंग धरून त्याच्या कळा मोजत होते. दांडीवर पांढरा रंग फासलेला. गोल कळांच्या जागी वेडेवाकडे चौकोन, अजून ओले.

“आता बरोबर झालं बघ,” बाबा म्हणाले. “आता टाक.”

कालपासून अख्ख्या ग्रुपशी कचाकचा भांडणारी मी. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “छान झालंय, बाबा.”