राखेनं घासलेले चार डबे

पुण्याहून नगरची पहिली एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर लाकडी पेटी होती आणि पेटीत पाणी तपासायच्या सहा काचेच्या बाटल्या. बायकोनं त्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून दिल्या होत्या. कीटकनाशकं, रंग, रसायनं माणसाच्या पोटात किती जातात आणि किती गेली की अपाय होतो, याचा हिशोब मांडणं ही माझी नोकरी. एकोणीस वर्षं हेच करतो आहे. या वेळी कर्जत तालुक्यातून तार आली होती. दुष्काळी कामावर अकरा माणसं भोवळ येऊन पडली होती, दोघांना आचके आले होते. कारण कळवायचं होतं.

नगरला गाडी बदलताना हमालानं पेटी टपावर फेकली. दोन बाटल्या फुटल्या, चार उरल्या. सोलापूर रस्त्याला लागल्यावर हिरवं असं काही दिसलं नाही. शेळ्यांसाठी बाभळींचा पाला ओरबाडून नेलेला, विहिरींच्या कडेला गाळाचे ढीग.

मिरजगावला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. खाणावळीत मिलोची भाकरी (परदेशातून आलेली तांबडी ज्वारी) आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) मिळालं. भाकरी काही केल्या तुटेना. मालक म्हणाला, "पाव्हणं, माडग्यात भिजवा तिला. मिलो सरकारी हाय, दात तुमचं सोताचं हायती."

तिथून तीन किलोमीटर चालत पाझर तलावाच्या कामावर गेलो. मातीचा बांध निम्मा झाला होता. चारेकशे माणसं पाट्या वाहत होती. कामावरच्या ओव्हरसिअरनं कागद तयारच ठेवला होता. पाणी वाढणाऱ्या बाईनं डबे नीट धुतले नाहीत म्हणून त्रास झाला, सबब तिला कामावरून कमी केलं आहे, असा मजकूर.

"सही करा, दुपारची गाडी मिळेल तुम्हाला," तो म्हणाला.

"डबे कुठे आहेत?"

डबे बांधाखाली होते आणि त्यांच्याजवळ ती बाई ठाण मांडून बसली होती. कौसाबाई. वय चाळिशीचं, हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले.

"म्या हलनार न्हाई," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. "माझ्या हातचं भांडं वंगाळ म्हनत्यात. सात बार घासलंय राखंनं. देवाची भांडी बी मी इतकी घासत न्हाई."

मागून एक बाई ओरडली, "खरं हाय साहेब! तिचा हात लई कडक. नवरा बी असाच घासून ठिवलाय तिनं!" सगळ्या हसल्या. कौसाबाई हसली नाही.

डबे चौकोनी, पत्र्याचे. दुष्काळात भांडी मिळेनात म्हणून ओव्हरसिअरच्या कचेरीनंच देवळाली प्रवरेकडच्या उसाच्या पट्ट्यातून रिकामे आणवले होते.

"डब्यावर काही चित्र होतं का?" मी विचारलं.

"व्हतं की. कवटी व्हती, तांबडी. पान्याच्या भांड्याव कवटी बरी दिसती का? विटकरीनं खरवडून काढली."

म्हणजे डबे कीटकनाशकाचे होते. उसाच्या किडीवर फवारायचं ते औषध तेलकट असतं. मी तिला एक डबा माझ्यादेखत पुन्हा घासायला लावला. तिनं आरशासारखा केला. मग मी सुरीनं तळाची दुमड उचकटली. आत पिवळा चिकट थर होता. त्यावर पाणी ओतताच ते दुधाळ झालं.

"हितं हात पोचत न्हाई," कौसाबाई हळूच म्हणाली.

"कोणाचाच पोचत नाही."

दोन बाटल्या डब्यांतल्या पाण्यानं भरल्या, एक विहिरीच्या, एक मडक्यातल्या. मग डब्यांऐवजी विहिरीचं पाणी द्यायला लावलं आणि दुपारभर प्रत्येकजण किती तांबे पितो ते मोजत बसलो. दिवसाला माणशी आठ लिटर पडत होते. कामावर वाटायच्या सुकडीची, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊची, पोती तोलायचा ताणकाटा बाभळीला टांगला, पोत्याची झोळी केली आणि माणसं तोलली. कौसाबाई सदतीस किलो भरली.

"येवढीच व्हय मी?" ती म्हणाली. "पोतं माझ्यापरीस जड हाय."

एव्हाना माणसं जमली होती. एक म्हातारा पुढे आला. "साहेब, पान्यात इख हाय म्हनून लिवाल आन् काम बंद पडंल. मग आमी खायाचं काय?"

"काम बंद होणार नाही. डबे बंद होतील. घरचे रांजण आणा." मी पहार मागितली.

ओव्हरसिअर धावत आला. "हा सरकारी माल आहे! स्टॉक बुकात लागलाय!"

"मग बुक आणा."

बुक आलं. चारही डब्यांच्या तळातून पहार घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नग चार, मी फोडले', खाली सही. त्याच्या कागदावर सही केली नाही. त्याला एवढंच सांगितलं, "हे डबे कोणी आणवले, ते मला लिहावं लागेल. बाई हजेरीवर असली तर कवटीबद्दल तिचा जबाब घेईन. नसली तर तुमचा घ्यावा लागेल."

त्यानं कौसाबाईचं नाव हजेरीपटावर पुन्हा मांडलं. ती आपल्या घरचा हंडा आणायला निघाली. जाताना म्हणाली, "ह्यो बी सात बार घासनार हाय मी. सांगून ठिवते."

पुण्यात तपासणी झाली. विहीर आणि मडकं स्वच्छ निघालं, डब्यांच्या पाण्यात विष होतं. आमच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "पण प्रमाण मर्यादेच्या आत आहे. ऊन लागलं असं लिहा."

ती मर्यादा साठ किलोच्या, सावलीत दोन लिटर पाणी पिणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या माणसाची आहे. आठ लिटर आणि सदतीस किलो घालून मी आकडा पुन्हा मांडला. वजनाच्या मानानं पुस्तकातल्या माणसाच्या साडेसहा पट विष कौसाबाईच्या अंगात जात होतं. वजनांचा तक्ता अहवालाला जोडला आणि 'ऊन' हा शब्द कुठेही लिहिला नाही. साहेबांनी अहवाल तीन वेळा परत पाठवला. चौथ्यांदा तो जसाच्या तसा वर गेला.

प्रवासाला निघालो तेव्हा पुस्तकातल्या माणसावर माझा विश्वास होता. एकोणीस वर्षांत त्याला कधी काट्यावर उभं करून पाहिलं नव्हतं, ही चूक माझी.

महिन्याभरानं खुलासा मागणारा कागद आला. सरकारी मालमत्तेचे चार नग कोणत्या अधिकारात नष्ट केले? मी उत्तर लिहिलं: अधिकार नव्हता. पुन्हा दिसले तर पुन्हा फोडीन.