घरच्यांना फवारा नसतो

"ए, थांब तिथंच. हात वर कर."

होस्टेलच्या मालकानं पिकावर औषध मारायचा पंप पाठीला लावला होता. मी हात वर केले. पदरापासून पायापर्यंत त्यानं मला फवारलं. डोळे चुरचुरले. डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं गॅलरीतून बघत होती. एकानं मोबाईल काढला.

मी तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. बौद्धवाड्यातून यायची, म्हणून रोज सकाळी हा मान माझ्या एकटीचा. वॉचमनला नाही, दूधवाल्याला नाही. मी सोसलं. घरी आई होती. भूकंपात ढिगाऱ्याखालून काढली तेव्हापासून तिची छाती घरघरते. कोरोना तिच्यापर्यंत गेला असता तर ती वाचली नसती. वाटायचं, फवारू दे, निदान रोगाला तरी भिऊन राहतायत.

कसले भितात! मालकाचा मास्क हनुवटीला लोंबायचा. मी दिसले की नाकावर चढायचा, वळले की परत खाली. मालकीणबाईंची भिशी तर एकदाही बंद पडली नाही.

मग मालकाचा मेव्हणा पुण्याहून आला. गाडीतून उतरतानाच खोकत होता. तोंड उघडं. पंप कोपऱ्यात तसाच. मालकानं त्याला मिठी मारली, अन् माझ्या हातात झाडू दिला. "पाव्हण्याची खोली झाडून घे. चादरी बी धुवून टाक."

"आधी त्यांच्यावर फवारा. मास्क लावायला सांगा."

"डोकं फिरलं का? ते घरचे हायत."

"माझी आई बी माझ्या घरची हाय."

"लई शानी झालीस. तुमच्या लोकांनीच आणलाय रोग."

खोकणारा बाजूलाच उभा, आणि रोग आणला मी! मला हसू आलं. मग किळस आली. शिकलेली, चारचाकीवाली माणसं, आणि रोगाची काडीची भीती नाही. भीती माझ्या सावलीची. आजीच्या ओंजळीत हीच माणसं वरून पाणी ओतायची. आता पंप घेतला, एवढीच काय ती प्रगती.

झाडू तिथंच टाकला आणि निघाले. पुढं लस आली तेव्हा आईचा हात धरून रांगेत उभी राहिले. मास्क मी तिच्या श्वासासाठी लावला. कुणाच्या दारात दाखवायला म्हणून नाही.

आता नव्या घरी कामाला गेले की आधी दारातून विचारते, "घरात कुणाला खोकला-ताप हाय का? मग तोंड झाका." नाक मुरडलं की मी चप्पल काढतच नाही.