दाढ मी काढली, बोलणी सुनेनं खाल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोटच्या पोराला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात, मग उगाच तोंड कशाला वाजवू? तुम्हाला सांगते. ऐका, पण तोंडं पाडू नका.

मला हाडांच्या मगजातला कॅन्सर आहे, मायलोमा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरांनी मला धड न कळणाऱ्या गुजरातीत बजावलं होतं — दात काढायचा तर आधी आम्हाला विचारा, नाहीतर जबड्याचं हाड भरून येणार नाही. उधन्याला घरी आल्यावर माझ्या सुनेनं, ज्योतीनं, तेच आमच्या अहिराणीत सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. मला कळलं नव्हतं? चांगलं कळलं होतं.

मग दाढ ठणकायला लागली. ज्योतीला सांगावं, तर डॉक्टर तोंड उघडून बघणार — आणि माझी मशेरी उघडी पडणार. भाजल्या तंबाखूची ती पूड सोडली, असं मी देवाची शपथ घेऊन सांगितलेलं! तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी — कॅन्सरला भीत नव्हती, सुनेला भीत होती. वर स्वतःला भारी चलाख समजायची. साडी बघायला म्हणून शेजारणीबरोबर पर्वत पाटियाच्या बाजारात गेले आणि दाढ उपटून आले. दातवाल्यानं विचारलं, काही औषधं चालू आहेत का? नाही म्हटलं. ठणकावून.

जखम भरलीच नाही. पू, वास, आणि हिरडीतून वर आलेलं पिवळट हाड. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला घरी कुणी समजावून सांगितलं नव्हतं?" लेक शेजारीच उभा. आणि मी — मी सुनेकडे बोट केलं. "हिनं सांगितलंच नाही."

"आत्या, मी तुमले सांगेल व्हतं ना?" एवढंच म्हणाली ती.

"आईच्या जिवावर उठली का तू?" लेक तिच्यावर तिथंच, सगळ्यांसमोर ओरडला. तेव्हापासून माझ्या गोळ्यांना तो तिला हात लावू देत नाही. माझी भाकरी दुधात कुस्करते ती मात्र तीच.

घाबरले होते, दुखत होतं — असलं काही मी म्हणणार नाही. मला सुटायचं होतं, आणि समोर ती होती.

उद्या सगळे जेवायला बसले की लेकाला हेच सांगणार, ह्याच शब्दांत. ज्योतीची माफी मागणार नाही. मागितली की तिला मला माफ करावं लागेल — माझं आणखी तेही एक काम तिनं का करावं?